मान वर करून पाहणार केव्हा?

भंडाऱ्याजवळचे जवाहरनगर ही आयुध निर्माणीची वसाहत. सरळ आखलेले रस्ते, एकासारखी एक घरे. कोरीवकामाला तेथे वाव नाही आणि तशी अपेक्षाही कोणी करू नये. मध्यंतरी तेथील काही तरुणांशी गप्पांचा योग आला. आपल्या प्राचीन शिल्पवैभवाविषयी प्रत्येक जण भरभरून बोलला. सहज विचारले, "नागपूरला तुमचे नेहमी जाणे होते. महाल भागातल्या जुन्या वाड्यांवर, देवळांवर काय कोरलेले पाहिलेत?" क्षणभर कोणीच बोलले नाही. मग एक जण प्रामाणिकपणे म्हणाला, "वाढदिवसाचे फलक!"

हसे पिकले, पण ते हसे त्या तरुणांचे नव्हे, तुमचे-आमचे आहे. काळ्या पाषाणात बांधलेला आणि लाकडी कोरीवकामाने नटलेला भोसल्यांचा राजवाडा १८६४ साली आगीत भस्मसात झाला. उरला तो त्याचा भव्य दरवाजा. त्या आगीला निदान अपघात म्हणता येईल. परंतु आज जो वाडा पाडला जातो, ज्याचे कोरीव खांब आणि तुळया भंगाराच्या भावाने विकल्या जातात, त्याला काय म्हणावे? विकणाराही आपलाच आणि मुकाट्याने पाहणारेही आपणच.

मुंबईची कथा वेगळी नाही. १८८७ मध्ये सुरू झालेले, आज छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस म्हणून ओळखले जाणारे स्थानक २००४ साली जागतिक वारसा ठरले. वास्तुरचनाकार फ्रेडरिक स्टीव्हन्सचे नाव पाठ्यपुस्तकामुळे ठाऊक असते. पण त्या दर्शनी भिंतीवरील पाने, फुले, पशुपक्षी घडवण्यात सर जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता, हे किती जणांना ठाऊक आहे? त्याच भिंतीवर रेल्वे कंपनीच्या संचालकांच्या मालिकेत जगन्नाथ शंकरशेठ आणि जमशेटजी जीजीभाई यांचे मुखवटे कोरलेले आहेत. या देशात रेल्वे यावी म्हणून झटलेले आपले नाना तेथे आहेत आणि त्यांच्या खालून रोज लक्षावधी माणसे लोकल गाठण्यासाठी धावतात. धावणाऱ्याला दोष देता येत नाही. पण आयुष्यात एकदाही थांबू नये?

मुंबई दूर वाटत असेल, तर भंडारा जिल्ह्यातीलच पवनी पाहा. तेथील जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी उत्खनन केले. इसवी सनापूर्वीचा स्तूप उजेडात आला. त्याच्या कठड्याच्या एका खांबावर भगवान बुद्धांच्या आसनावर फणा धरून उभा असलेला मुचलिंद नाग कोरलेला आहे आणि शेजारी ब्राह्मी लिपीत त्याचे नावही आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शिल्पकाराने पुढच्या पिढ्यांना ओळख पटावी म्हणून जणू नावासकट चित्र ठेवले. तो खांब आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तो पाहायला परदेशी अभ्यासक येतात. वैनगंगेकाठच्या आपल्या मुलांना मात्र त्याचे नावही ठाऊक नसते.

आता एक कटू गोष्ट. आक्रमकांनी मूर्ती फोडल्या, हे आपण शंभर वेळा सांगतो. तो इतिहास आहे आणि तो सांगितलाच पाहिजे. पण जीर्णोद्धाराच्या नावाखाली दगडी गाभाऱ्याला स्नानगृहातल्या फरशा कोणी बसवल्या? कोरीव द्वारशाखांवर दरवर्षी तैलरंगाचे थर कोणी चढवले? त्या रंगाने दगडाची रंध्रे बुजतात, आत ओल कोंडते आणि पापुद्रे सुटताना रंगाबरोबर नक्षीही गळून पडते. हे काम कोणा परक्याचे नाही. ते भाविकांच्या वर्गणीतून, पावती फाडून, समारंभपूर्वक होते!

"सरकार काय करते?" हा आपला ठेवणीतला प्रश्न. केंद्राचा १९५८ चा आणि राज्याचा १९६० चा कायदा आहे. पण त्यांचे संरक्षण अधिसूचित स्मारकांनाच मिळते. गल्लीबोळातले शेकडो वाडे, देवळे, घाट, बारवा त्या यादीत नाहीत. त्यांचा राखणदार समाजच असू शकतो. "पोटाची भ्रांत असताना नक्षी कोण पाहणार?" असेही विचारले जाते. ज्या हातांनी ती नक्षी घडवली, त्यांचे पोट काय भरलेले होते? छिन्नी चालवणारा पाथरवट आणि सुतार श्रीमंत नव्हता. त्याने आपले नाव कोरले नाही, केवळ काम मागे ठेवले. त्या कामाकडे न पाहणे हा त्या अनाम श्रमिकाचा अवमान आहे.

उपाय खर्चिक नाही. येत्या रविवारी मुलांना घेऊन आपल्याच गावातल्या जुन्या वस्तीत जा. कमानी, कीर्तिमुखे, कोनाडे, हत्ती-मोर यांची नोंद करा, छायाचित्रे काढा. देवस्थानाच्या सभेत रंगाचा ठराव आला की उभे राहून विरोध करा. वाईटपणा येईल, तो घ्या. जीर्णोद्धारापूर्वी जाणकाराला बोलावण्याचा आग्रह धरा.

अभिमान घोषणेने सिद्ध होत नाही. तो नजरेने सिद्ध होतो. जे आपण कधी पाहिलेच नाही, त्याचा अभिमान बाळगण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?