औषधाचे दुकान आणि गव्हाचे दुखणे

माझी मावशी काचीगुड्याला राहते. सहा वर्षे ती एकाच दुकानातून दर महिन्याला लोहाच्या गोळ्या आणि पोटाचे औषध आणत होती. गोळ्या संपत, रक्त मात्र वाढत नसे. अखेर तपासणीत कळले, की तिला सीलिअ‍ॅक आहे. या रोगात गहू, जव यांतील ग्लूटेनमुळे लहान आतड्याचे अस्तर झिजते. मग लोह अंगी लागणार कसे?

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. मला वाटते, सहा वर्षांची ती विक्री दुकानाच्या हिशेबात नोंदलेली होती. ती कोणी वाचली मात्र नाही.

बोटातून रक्ताचा थेंब घेऊन या रोगाची प्रतिद्रव्ये दाखवणारी चाचणी आता निघाली आहे. ती औषधाच्या दुकानात सर्वांचीच करावी काय? माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ही प्रतिद्रव्ये उत्तर भारतात शेकडा सव्वा लोकांत आढळली, तर दक्षिणेत हजारी एकात. तिकडे गहू अधिक, इकडे भात. समजा, चाचणी शंभर निरोग्यांत दोनदा चुकते. मग हैदराबादेत सरसकट हजार जण तपासले, तर एका रोग्यामागे वीस निरोगी माणसे उगाच घाबरतील. हा व्यवहार आतबट्ट्याचा!

पण वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या घेऊनही ज्यांचे रक्त वाढत नाही, जुलाब थांबत नाहीत, त्यांची गोष्ट वेगळी. आपल्या मराठी घरांत तर दोन्ही वेळा पोळी असते. ब्रिटनमध्ये काही दुकानांत अशाच गिऱ्हाइकांची तपासणी करून पाहिली गेली. आपल्या फार्मासिस्टनेही त्यांना नेमके हेरावे, चाचणी सुचवावी आणि डॉक्टरांकडे पाठवावे. रोगाचा निर्णय मात्र दुकानात होऊ नये. आणि डॉक्टरांची तपासणी पुरी होईपर्यंत गहू सोडू नये, नाहीतर रोग असूनही तपासात दिसत नाही.

कोणी म्हणेल, गोळ्या विकून नफा होत असताना दुकानदार हे का करील? मित्रहो, फार्मासिस्टला पदवी केवळ गल्ला सांभाळण्यासाठी मिळत नाही.

मावशी आता ज्वारीची भाकरी खाते. हिंगाची डबीही वाचून घेते, कारण बाजारच्या हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ असते. तिचे रक्त वाढते आहे. गेलेली सहा वर्षे मात्र कोणत्या खात्यावर मांडायची?