तलावातलं मीठ जातं कुठे?

पाटपाणी / पाटकरी

‘आमच्या तलावात क्लोरीन नाही, मिठाचं पाणी आहे,’ असं हल्ली रिसॉर्टवाले आणि फार्महाऊसवाले कौतुकानं सांगतात. पोहणाऱ्यालाही ते पटतं, कारण डोळे कमी चुरचुरतात आणि उग्र वास येत नाही. पण क्लोरीन तिथंही असतोच. तो कॅनमधून येत नाही, पंपघरात तयार होतो, एवढाच फरक. लिटरमागे तीन-चार ग्रॅम मीठ असलेलं पाणी ‘सेल’मधल्या टायटॅनियमच्या पट्ट्यांमधून जातं, पट्ट्यांना डीसी वीज मिळते आणि मिठातला क्लोरीन सुटून पाण्यात मिसळतो. जंतू मारून झाले की त्याचं पुन्हा मीठ होतं. म्हणून ‘मीठ एकदाच टाका’ असं विक्रेता सांगतो.

देखभालीचं तो फारसं बोलत नाही. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, क्षारांचं. सेल उघडून पाहावा, तर बंबाच्या तळाशी धरते तशी पांढरी खपली पट्ट्यांच्या फटींत बसलेली दिसते. ती स्क्रू ड्रायव्हरनं खरवडली की पट्टीवरचा रुथेनियमचा नाजूक लेपही जातो आणि महागडा सेल भंगारात निघतो. खपली काढायची ती पातळ केलेल्या ॲसिडनं, तेही ॲसिड पाण्यात ओतून, पाणी ॲसिडात कधीच नाही. बुडबुडे थांबले की सेल लगेच धुवायचा; ॲसिडात जास्त वेळ राहिला तरी लेप झिजतो. स्वस्तातलं खडे मीठ टाकलं तर त्यातली माती आणि मॅग्नेशियम ही खपली आणखी वाढवतात. पाण्याचा सामू चढत राहतो, तो साडेसातच्या आसपास ठेवावा लागतो, नाहीतर क्लोरीन असूनही निम्म्याहून अधिक निकामी. आणि पाणी वाहत नसताना सेल चालू राहिला तर आत हायड्रोजन साठतो. तो स्फोटक असतो.

हे सगळं शिकता येतं. माझा आक्षेप यंत्राला नाही, मिठाला आहे. एक लाख लिटरच्या तलावात तीनशे ते चारशे किलो मीठ असतं. उन्हानं पाणी उडतं, मीठ उडत नाही. ते बाहेर पडतं फिल्टरच्या बॅकवॉशमधून, म्हणजे फिल्टर उलट्या प्रवाहानं धुतलेल्या पाण्यातून, पावसाळ्यात तलाव भरून वाहिला की त्या पाण्यातून, आणि साफसफाईला तलाव रिकामा केला की एकदम. पाइपाचं दुसरं टोक बहुतेक वेळा जवळच्या ओढ्याकडे काढलेलं असतं.

हा ओढा राळेगणसिद्धीसारख्या गावातला असेल तर? पारनेर तालुका पर्जन्यछायेचा. 1975 मध्ये अण्णा हजारे गावी परतले, त्यानंतर लोकांनी श्रमदानानं माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर, नालाबांध आणि पाझर तलाव केले. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी पाळली, उसासारख्या तहानलेल्या पिकाला लांब ठेवलं. शिवारातला पाऊस शिवारातच मुरवायचा, हे या कामाचं सूत्र. पण जो बांध पाणी अडवतो तो मीठही अडवतो. माथ्यावर सोडलेलं खारं पाणी वाहून समुद्राला जात नाही. ते खालच्या विहिरीत उतरतं. पाणलोटाचं काम जितकं चोख, तितकं मीठ गावातच राहणार.

आणि या पट्ट्यातलं नगदी पीक कोणतं? कांदा. खारेपणाला फार लवकर खचणारं पीक. काळ्या रानात सोडियम साचला की माती चिकटते, पाणी मुरेनासं होतं, रान चोपण पडतं. खारवट-चोपण जमीन म्हणजे काय, हे आपल्याच जिल्ह्यात प्रवरेच्या कालव्याखालच्या शेतकऱ्यांना विचारावं. तिथलं कारण अति पाणी, इथलं वेगळं असेल. पण बिघडलेलं रान सुधारायला जिप्सम, निचरा आणि कित्येक हंगाम लागतात, यात फरक नाही.

कृषी पर्यटनानं गावात पैसा येतो, पोरांना काम मिळतं, हे मान्य. तलाव बांधूच नका असं म्हणणं नाही. पण मिठाऐवजी द्रवरूप क्लोरीन वापरता येतो. त्यातूनही थोडं मीठ उरतं, पण चारशे किलोंनी सुरुवात होत नाही. बॅकवॉश लागणार नाही असा कार्ट्रिज फिल्टर बसवता येतो. मिठाचाच हट्ट असेल तर खारं पाणी अस्तर घातलेल्या खड्ड्यात आटवावं आणि उरलेलं मीठ उचलून न्यावं. खर्च मालकाचा.

खरं तर मिठापासून क्लोरीन करण्याचं हेच तंत्र गावाच्या पिण्याच्या पाण्याच्या टाकीला जास्त शोभतं. टीसीएलची, म्हणजे ब्लीचिंग पावडरची, गोणी फोडली की ओलाव्यानं, उन्हानं तिचा जोर उतरत जातो. मिठापासून जागेवर केलेलं द्रावण ताजं असतं. एक ग्रॅम क्लोरीनला साधारण तीन-साडेतीन ग्रॅम मीठ लागतं. लिटरमागे दोन मिलिग्रॅम मात्रा धरली तर लाख लिटरला जेमतेम पाऊण किलो. माणशी 55 लिटरनं तेवढं पाणी अठराशे लोकांना दिवसभर पुरतं. पट्ट्या धुवायला माणूस इथंही लागेल, त्याचा पगार मात्र यंत्राच्या किमतीबरोबरच मंजूर व्हायला हवा.

तेव्हा पाणलोटातल्या ग्रामपंचायतींनी तलावाच्या अर्जावर एक रकाना वाढवावा: सोडलेलं पाणी कुठे जाणार? उत्तर ‘ओढ्यात’ असेल तर परवानगी नाकारावी, आणि खालच्या विहिरींचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, दरवर्षी मालकाच्या पैशानं मोजून ग्रामसभेत वाचावा. वर्गणी आणि श्रमदान ज्यांनी केलं, त्यांना तेवढं विचारण्याचा अधिकार आहे.