व्हेपची कॉइल घरी साफ करायची? आधी तिच्यात काय होतं ते समजून घ्या

मागच्या महिन्यात बल्लारपूरच्या मामेभावाने मला एक रील पाठवली. व्हेपची कॉइल काढा, कोमट पाण्यात ठेवा, मग स्पिरिटमध्ये बुडवा, सुकवा आणि परत जोडा. खाली त्याचा प्रश्न: "दादा, जळका वास येतो आहे. असं केलं तर चालेल का? खर्रा सोडायला म्हणून घेतलं होतं."

नुसतं 'नको करू' म्हटलं असतं तर त्याने ऐकलं नसतं. म्हणून त्याला जे समजावलं, तेच इथे लिहितो.

ॲटोमायझर म्हणजे नेमकं काय?

व्हेपमध्ये तीन मुख्य गोष्टी असतात: लिथियम बॅटरी, लिक्विडची टाकी आणि ॲटोमायझर. ॲटोमायझर म्हणजे धातूच्या बारीक तारेची कॉइल आणि तिला लागून असलेला कापूस. कापूस लिक्विड शोषतो, कॉइल तापते आणि लिक्विडची वाफ होते. लिक्विडमध्ये प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, फ्लेवर आणि बहुतेक वेळा निकोटिन असतं. गोडीसाठी टाकलेला पदार्थ तारेवर जळून काळा थर बसतो. जळका वास येतो तो याचाच.

धुतल्यावर काय जातं, काय राहतं?

वरचा चिकट थर थोडा निघतो आणि दोन दिवस चव बरी लागते. पण करपलेला कापूस काही नवा होत नाही. तो लिक्विड नीट शोषत नाही, कॉइल कोरडी तापते आणि अशा जास्त तापमानाला लिक्विडमधून फॉर्माल्डिहाइड, ॲक्रोलिनसारखी विषारी रसायनं तयार होतात.

तारेचा प्रश्न वेगळाच. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी ५६ व्हेप वापरणाऱ्यांची उपकरणं तपासली. बाटलीतल्या लिक्विडपेक्षा कॉइलमधून निघालेल्या वाफेत शिसं, निकेल, क्रोमियम असे धातू कितीतरी जास्त सापडले. म्हणजे धातू कॉइलकडून येतात. ते पाण्याने किंवा स्पिरिटने थांबत नाहीत.

आता विजेचं गणित

बारावीचं सूत्र आठवा: पॉवर म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले रेझिस्टन्स. बॅटरी ३.७ व्होल्टची आणि कॉइल १ ओहमची असेल तर साधारण १४ वॅट. साफ करताना तारेचे वेढे एकमेकांना चिकटले आणि रेझिस्टन्स ०.२ ओहमवर आला, तर तीच पॉवर ६८ वॅटवर जाते आणि करंट १८ अँपिअरच्या पुढे. बोटाएवढ्या बॅटरीला हे झेपत नाही. चांगल्या उपकरणात शॉर्ट झाल्यावर सप्लाय तोडणारं सर्किट असतं. चोरून आलेल्या स्वस्त मालात ते आहे की नाही, हे कोण सांगणार? वापरून फेकायचा व्हेप फोडून पुन्हा भरणं आणि वायर जोडून चार्ज करणं तर त्याहून धोक्याचं.

याचं सर्व्हिस सेंटर का नाही?

कारण भारतात ई-सिगारेटवर बंदी आहे. १८ सप्टेंबर २०१९ ला वटहुकूम आला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, जाहिरात सगळं बंद, ऑनलाइनसुद्धा. पहिल्या गुन्ह्याला १ वर्षापर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलं तर ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड. साठा ठेवला तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. निकोटिन नसलेला व्हेपही यातच येतो. नुसतं ओढणाऱ्यासाठी कायद्यात वेगळी शिक्षा लिहिलेली नाही, पण मित्रासाठी मागवून त्याला विकलं की तुम्ही विक्रेते झालात. आणि जाहिरातीच्या व्याख्येत सोशल मीडिया स्पष्ट आहे. रील बनवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

ब्रिटनने दुसरा रस्ता घेतला. तिथे व्हेप कायदेशीर आहे, पण लिक्विडमध्ये निकोटिनची मर्यादा मिलिलिटरला २० मिलिग्रॅम. आपल्याकडे बंदी असल्यामुळे मर्यादाच नाही. जो माल येतो तो लपून येतो. लेबल खरं की खोटं, कोणी तपासत नाही, आणि बिघडला तर तक्रार करायला जागा नाही. घरी कॉइल धुण्याची वेळ त्यातूनच येते.

आपल्या दोन जिल्ह्यांना हे नवीन नाही

गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ ला आली, २०२१ ला उठली. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी. कागदावर बंद झालेली वस्तू पानठेल्यामागून कशी मिळते, आणि त्या वेळी तिच्या दर्जाची हमी कशी नसते, हे आपण पाहिलेलं आहे. फरक एवढाच की व्हेपमध्ये बॅटरीपण आहे. पुण्या-मुंबईत हात भाजला तर दवाखाना जवळ. सिरोंच्याहून गडचिरोलीचं जिल्हा रुग्णालय दोनशेच्या आसपास किलोमीटर आहे, आणि पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो.

घरात असेल तर काय कराल?

• उघडू नका, चार्ज करू नका. बॅटरी फुगली किंवा गरम वाटली तर घराबाहेर, वाळूवर किंवा मोकळ्या जमिनीवर ठेवा आणि लांब राहा.
• घंटागाडीत टाकू नका. कचरा दाबताना लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते. ई-कचरा घेणाऱ्या केंद्राकडे द्या.
• लिक्विड हाताला लागलं तर लगेच साबणाने धुवा, निकोटिन कातडीतून शरीरात जातं. लहान मुलाने गिळलं तर वाट बघू नका, १०८ ला फोन करा.

आणि मामेभावाचा खरा प्रश्न? त्याला खर्रा सोडायचा होता. खर्ऱ्यातलं निकोटिन आणि व्हेपमधलं निकोटिन एकच. आता त्याला दोन्ही लागतात. त्याला मी १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनचा नंबर दिला. फुकट आहे, मराठीतही बोलतात.

कॉइल त्याने धुतली नाही. फोन अजून केलेला नाही. दर रविवारी विचारतो आहे.