बूट घ्यायला संध्याकाळी जा

ऑफिसात शोभतील आणि पायालाही सोसतील असे बूट मिळत नाहीत, ही तक्रार घरोघरी आहे. दुकानात कपाटं भरलेली असतात. पण जे दिसायला बरं ते चावतं, आणि जे चावत नाही ते घालून साहेबांच्या केबिनमध्ये जाववत नाही. मग आपण चावणारं घेतो आणि खिशात बँडेडची पट्टी ठेवतो.

आधी एक मनातून काढून टाका. दोष तुमच्या पायात नाही. आपल्याकडचे बूट बहुतेक करून इंग्लंड-युरोपच्या मापांवर बेतलेले असतात. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातल्या लाखाहून जास्त लोकांची पावलं मोजली. युरोपीय लोकांपेक्षा आपली पावलं रुंद असतात, असं त्यात दिसलं. त्यावरून ‘भा’ नावाची भारतीय मापंही सुचवली गेली.

चवड्याला आवळतं म्हणून आपण काय करतो? एक नंबर मोठा घेतो. मग बूट लांबीला जास्त होतो, टाच मागून निघत राहते आणि जिना उतरताना पाय अडखळतो. तेव्हा नंबर वाढवू नका. पुढून रुंद असलेला दुसरा बूट मागा. निमुळत्या टोकाचा तर हातातही घेऊ नका, कितीही सूट असली तरी.

नवीन ब्लाउज शिवताना बायका दरवेळी माप देतात. पायाचा नंबर मात्र कॉलेजातला सांगतात. पुरुषांचंही तेच. वय, वजन, बाळंतपण, या सगळ्यांनी पाऊल पसरतं. म्हणून निघण्याआधी घरीच एक करा. कागदावर उभे राहा, पेन्सिल सरळ धरून पावलाभोवती रेघ मारा. दोन्ही पावलांची मारा, कारण दोन्ही सारखी नसतात. कागद कापून घ्या आणि दुकानात बुटाच्या तळाला लावून पाहा. कागद बाहेर डोकावत असेल तर तो बूट तुम्हाला चावणारच. विक्रेता काहीही म्हणो.

खरेदीला संध्याकाळी जा, ऑफिस सुटल्यावर. दिवसभरात पाय थोडे सुजतात. रविवारी सकाळी ताज्या पायांनी घेतलेला बूट सोमवारी संध्याकाळी आवळतो तो यामुळेच. ऑफिसला जे मोजे घालता तेच घालून जा. दोन्ही बूट घाला, उभे राहा. सगळ्यात लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. माप नेहमी मोठ्या पावलाचं धरा.

मग बूट हातात घेऊन वाकवा. बोटं जिथे दुमडतात तिथे तो वाकला पाहिजे. मधोमध मोडत असेल तर ठेवून द्या. टाचेमागचा भाग दाबून पाहा, तो घट्ट हवा. आणि गालिच्यावर चार पावलं टाकून बिल करू नका. बाहेर फरशीवर चाला, जिना असेल तर चढा-उतरा. दुकानदार रागावला तर रागावू द्या.

‘वापरून सैल होईल’ हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. खरं चामडं रुंदीला थोडं सैल होतं, लांबीला नाही. रेक्झिन फारसं सैल होतच नाही, फक्त फाटतं.

आता मुख्य गोष्ट. बूट तुम्ही ऑफिससाठी घेता, पण झिजवता वाटेवर. घर ते स्टेशन, पुलाचे जिने, गाडीत उभ्याने तासभर, पुन्हा जिने, शेअर रिक्षाची रांग. खुर्चीत बसल्यावर बुटाला काम ते काय? तरी आपण निवड खुर्चीसाठी करतो. टाच जितकी उंच तितका शरीराचा भार चवड्यावर येतो. धक्के खात गाडीत उभं राहायचं असेल तर उंच टाचा त्या वाटेसाठी नाहीत.

म्हणून ज्यांना शक्य आहे त्यांनी दोन जोड करा. वाटेवर जाड, मऊ तळाचे बूट किंवा पट्ट्याचे सँडल. ऑफिसचा जोड टेबलाच्या खालच्या खणात. मुंबईत कितीतरी बायका वर्षानुवर्षं हेच करतात. पुरुषांना त्याची उगाच लाज वाटते. पावसाळ्यात तर याला पर्याय नाही. चामड्याचा जोड जुलैच्या पाण्यात घातलात की गेला. भिजलाच तर गॅसजवळ ठेवू नका, चामडं तडकतं. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, पंख्याखाली ठेवा आणि दुसऱ्या दिवशी तो घालू नका.

दोन जोडांचे पैसे एकदम नसतील तर आधी वाटेचा घ्या, काळ्या रंगाचा, साधा. तो ऑफिसातही खपून जातो. टाच एका बाजूने झिजली की स्टेशनबाहेरच्या गटई कामगाराकडून नवी बसवून घ्या. नव्या जोडाच्या मानाने फार थोड्या पैशांत काम होतं.

सकाळी अंथरुणातून उतरताना पहिल्या पावलालाच टाचेत कळ येत असेल, तर सपाट, पातळ तळाची बेली किंवा चप्पल आधी बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा. अंगठ्याच्या बुडाशी हाड बाहेर येऊ लागलं असेल तरीही दाखवा. कुरूप ब्लेडने कापू नका. मधुमेह असेल तर मुळीच नाही, कारण पायाची जाणीव कमी झालेली असू शकते आणि जखम कळतही नाही. मधुमेह असलेल्यांनी घालण्याआधी बुटात हात फिरवून खडा आहे का पाहावं आणि रात्री आरसा धरून तळवे तपासावेत.

आणि तुम्ही ऑफिस, दुकान किंवा हॉटेल चालवत असाल, तर हे तुमच्यासाठी. पोशाखाचा नियम लिहिताना ‘काळे, स्वच्छ, बंद बूट’ एवढंच लिहा. टाचेची उंची लिहू नका. फिलिपाइन्समध्ये कामगार खात्याने २०१७ साली मालकांना उंच टाचांची सक्ती करायला मनाई केली. तुम्हाला त्यासाठी सरकारी हुकमाची वाट पाहायची गरज नाही. काउंटरमागे दिवसभर उभ्या असणाऱ्या मुलीला एक स्टूल द्या, आणि पुढच्या सोमवारी ती साध्या काळ्या कॅनव्हासच्या बुटात आली तर तिला काही बोलू नका.