स्वस्त म्हणजे नेमकं काय? (वारीच्या सामानावरून एक भांडण)

मंडळी, आज भांडायचंच ठरवून बसलो आहे. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की गुरुजी निवृत्त झाले तरी छडी काही सुटली नाही.

झालं असं, की माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा पुण्याला नोकरीला आहे. गुणी पोरगा. यंदा आमच्या दिंडीबरोबर साखऱ्याहून पंढरपूरपर्यंत चालायचं त्याच्या मनाने घेतलं. मला आनंदच झाला. मग एक दिवस त्याने फोनवर यादी पाठवली आणि वर म्हणाला, "मामा, स्वस्तात स्वस्त शोधलंय सगळं. एकदा नजर घाला."

नजर घातली. डोंगर चढायचे बूट सहा हजार. पाठीवरची मोठी सॅक चार हजार. पावसाचं जाकीट साडेतीन हजार. झोपायची पिशवी अडीच हजार. हातात धरायची काठी बाराशे. आणि नळीने पाणी प्यायची रबरी पिशवी, तीही बाराशे. बेरीज आली १८,४०० रुपये. गणित मी तीस वर्षं शिकवलं आहे, तरी दोनदा तपासलं.

आता तुलना करून बघा. २०२४ साली राज्य सरकारने वारीतल्या दिंड्यांना प्रत्येकी २० हजार रुपये जाहीर केले होते. म्हणजे एका अख्ख्या दिंडीला जेवढं, जवळपास तेवढं एकट्या भाच्याच्या अंगावर! आमच्या सेनगाव तालुक्यात एवढ्या पैशात दोन-तीन एकर सोयाबीनचं बी आणि खत निघतं. आणि वारी नेमकी पेरणीच्या तोंडावर येते हे विसरू नका. घरात बियाण्याची पिशवी आधी की पायात चप्पल आधी, हा प्रश्न आमच्याकडे दर जूनमध्ये खरोखर पडतो. म्हणून स्वस्त या शब्दाशी कुणी खेळलेलं मला खपत नाही.

भाच्याला मी विचारलं, "अरे, ही सॅक कशाला?" तर म्हणे सामान न्यायला. आता पायी दिंडी कशी चालते हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपण दिंडीत भिशी भरतो. त्यात दोन वेळचं जेवण येतं, तंबू येतो आणि सामानाची गाडीही येते. वळकटी सकाळी गाडीत टाकायची, रात्री मुक्कामाला उतरवून घ्यायची. खांद्यावर राहते ती एक शबनम. त्यात टॉवेल, पाण्याची बाटली, गोळ्या, थोडा गूळ-शेंगदाणा. हात मोकळे लागतात, कारण हातात टाळ असतो. काठी धरली तर टाळ कोण वाजवणार? आणि झोपायची पिशवी! जून महिन्यात परळी-अंबाजोगाईच्या उकाड्यात त्या बंद पिशवीत शिरायचं म्हणजे स्वतःला वाफेवर ठेवायचं. वहिनींनी जुन्या लुगड्यांची शिवलेली वाकळ माझ्याजवळ पंचवीस वर्षं आहे. खाली अंथरली की गादी, अंगावर घेतली की पांघरूण. तिची किंमत सुई-दोऱ्याची.

बुटांचंही तेच. ते बूट सह्याद्रीच्या कातळावर छान चालत असतील, त्याबद्दल वाद नाही. पण औंढा, परभणी, गंगाखेड हा सगळा काळ्या मातीचा मुलूख. डांबरी सोडून बाजूच्या रानात विसाव्याला उतरलात, की त्या खोल नक्षीच्या तळव्यात माती अशी बसते की एकेका पायाला किलोभर वजन लागतं. शिवाय बूट पाण्याला आत येऊ देत नाही म्हणतात, पण वरून घोट्यातून पाणी शिरलं तर ते बाहेरही जाऊ देत नाही. मग दिवसभर पाय पाण्यात. कातडी पांढरी पडते, बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. त्यात नवा बूट असला तर टाचेला फोड ठरलेला.

इथवर वाचून आमच्या गावातली मंडळी खूश झाली असतील. "बरोबर बोललात गुरुजी, शहरी चोचले!" थांबा. आता पाळी तुमची.

आठवडी बाजारातून साठ-सत्तर रुपयांची प्लॅस्टिकची चप्पल घेऊन निघणारे तुम्हीच. तिचा तळ इतका पातळ की खडा टोचल्याचं थेट डोक्यात कळतं. पट्टा कडक, अंगठ्याच्या बाजूला काचतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंगठा तुटतो, मग सुतळी बांधून चालायचं. परभणीत दुसरी घ्यायची, बार्शीत तिसरी. तीन वेळा सत्तर म्हणजे दोनशे दहा, शिवाय पायाचे हाल वेगळे. याला स्वस्त म्हणायचं? हिंगोलीच्या बाजारात टायरच्या तळाची, मऊ पट्ट्याची चप्पल करून देणारे कारागीर अजून आहेत. मी गेल्या खेपेला साडेतीनशेला करून घेतली. ती पंढरपूरला जाऊन आली, आता शेतात जाते. चामड्याची कोल्हापुरी फार सुंदर, तिला २०१९ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण ती भिजली की जड होते, ढिली पडते. वारीच्या पावसात तिला नेऊ नये. गंमत बघा, जून २०२५ मध्ये पालख्या वाटेवर असतानाच तिकडे मिलानला प्राडा कंपनीने तसल्याच चपला घालून पोरं चालवली आणि आधी कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. बोभाटा झाल्यावर घेतलं. चपलेची किंमत शिवणाऱ्याच्या हातावर ठरत नाही, घालणाऱ्याच्या पायावर ठरते, असं दिसतं.

ज्यांना बूटच हवेत त्यांनी शाळेतले पीटीचे पांढरे कॅनव्हासचे बूट घ्यावेत. पाय चालून सुजतात म्हणून एक नंबर मोठे घ्यावेत. आणि निघायच्या महिनाभर आधीपासून रोज घालून शेताला चक्कर मारावी. भिजले तर रात्रीतून बरेचसे वाळतात.

पावसासाठी तर आपल्याकडे जगातली उत्तम वस्तू फुकट आहे. युरियाचं रिकामं पोतं. एक कोपरा दुसऱ्यात घातला की खोळ तयार. डोकं, पाठ झाकते, पुढून वारा लागतो, घाम साचत नाही, हात मोकळे. दोन-तीन पाण्यांनी स्वच्छ धुऊन घ्यावं एवढंच. बायकांना खोळीपेक्षा मेणकापड सोयीचं पडतं. दोन मीटर घेतलं तर पावसात पांघरायला आणि मुक्कामाला वाकळीखाली अंथरायलाही होतं.

आता तिसरी मंडळी. हे वाटेवर उभे राहून पातळ रेनकोट वाटणारे. पाठीवर कुणाचा तरी हसरा फोटो. फुकटच आहे म्हणून लोक घेतात. पहिल्याच सरीत काखेत फाटतो, दुसऱ्या दिवशी बांधावर पडलेला असतो. मग तो वाऱ्याने कुणाच्या तरी पेरलेल्या रानात जातो. दान म्हणजे घेणाऱ्याची गरज बघून दिलेलं. २०२२ पासून राज्य महिला आयोगाने ‘आरोग्यवारी’ सुरू केली, वाटेवर बायकांसाठी सॅनिटरी नॅपकिनची सोय केली. शेकडो वर्षं बायका चालताहेत आणि ही गोष्ट कुणी मोठ्याने बोललंही नव्हतं. याला म्हणतात गरज बघणं. रेनकोटवाल्यांनी तेवढ्याच पैशात मलमपट्टी, सुती मोजे आणि चपला शिवणारा एक माणूस प्रत्येक मुक्कामाला बसवला, तर लोक त्यांचा फोटो मनात ठेवतील.

आणि आता चौथे. यांच्याशी भांडताना माझा आवाज खाली जातो, कारण यांच्यात मी स्वतः होतो.

"देवाला जायचं तर चप्पल कशाला? विठोबा पायाची काळजी घेईल." हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल, कदाचित म्हटलंही असेल. आमचं नर्सी गाव जवळच. नामदेवराय इथले. ते पार पंजाबात घुमानपर्यंत गेले, त्यांना कुठे होते बूट, असं मी शाळेत मुलांना ऐटीत सांगायचो. त्यांच्या पायात काय होतं हे मला काय ठाऊक? पण टाळ्या मिळायच्या.

२०१४ साली माझे थोरले बंधू, दादा, अनवाणी वारी करायची म्हणाले. तेव्हा त्यांना साखरेचा आजार होऊन दहा वर्षं झाली होती. निघायच्या सकाळी मारुतीच्या देवळासमोर मी दोन शब्द बोललो. दादांच्या निष्ठेचं कौतुक केलं. वहिनींनी त्यांच्या पिशवीत गुपचूप चपलांचा जोड ठेवला होता. तो मीच बाहेर काढला, सगळ्यांना दाखवला आणि हसत हसत वहिनींच्या हातात परत दिला. लोक हसले, वहिनीही कसनुशा हसल्या.

त्या वर्षी जून कोरडा गेला. एकादशी होती ९ जुलैला, तरी वाटभर पाऊस नव्हता. दुपारी डांबर पायाला चिकटत होतं. इतरांच्या पायांना चटके बसले की ते सावली धरायचे. दादांना चटके कळलेच नाहीत. हीच त्या आजाराची चाल आहे. बरीच वर्षं साखर अंगात राहिली की पायाच्या नसा मुक्या होतात, फोड आला तरी दुखत नाही. दुखत नाही म्हणून माणूस बघत नाही. बघत नाही म्हणून जखम चिघळते आणि साखरेमुळे ती भरूनही येत नाही. दादांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याखालचा फोड वाटेत कुठे आला ते त्यांनाच सांगता आलं नाही. पंढरपूरला चंद्रभागेत पाय धुताना दुसऱ्याच कुणाच्या तरी लक्षात आला. परत आल्यावर महिनाभरात अंगठा काढावा लागला. ऑपरेशनचा, गोळ्यांचा, येण्याजाण्याचा खर्च भागवायला एक एकर गहाण पडलं.

अनवाणी चालणं फुकट असतं ना? आमच्या घराला ते एक एकराला पडलं.

दादांनी मला कधी बोल लावला नाही. एकदाच म्हणाले, "तू मास्तर होतास रे, तुला तरी माहीत असायला हवं होतं." २०१९ साली ते गेले. वहिनींनी त्या चपला कुणाला दिल्या नाहीत. माळवदाखालच्या खुंटीला अजून अडकवलेल्या आहेत, मी गेलो की दिसतात.

मला कुणाची श्रद्धा मोडायची नाही. ज्याचे पाय धडधाकट आहेत, लहानपणापासून ज्याला अनवाणी रानात हिंडायची सवय आहे, त्याने खुशाल तसं जावं. पण साखर असलेल्याने जाऊ नये, आणि दुसऱ्याच्या अनवाणी पायांवर आपण टाळ्या घेऊ नयेत. साखर असलेल्याने तर मुक्कामाला गेल्यावर आधी तळपाय उजेडात बघावेत. स्वतःला दिसत नसले तर शेजारच्याला बघायला सांगावं. एवढ्याला एक पैसा लागत नाही.

भाच्याला मी शेवटी माझी यादी पाठवली. टायरच्या तळाची चप्पल ३५० रुपये. कॅनव्हासचे बूट ३०० च्या आसपास. सुती मोजे तीन जोड १२० ला. मेणकापड दोन मीटर, शंभराच्या आत. छोटी बॅटरी १५०. खोबरेल तेलाची डबी, पट्ट्या आणि मलम मिळून १५०. स्टीलचं ताट आणि पेला घरचा, वाकळ माझी देतो, खोळ शेतातल्या खोलीत आहे. अकराशे-बाराशेत पंढरपूर. आणि हो, एक गोष्ट यादीत महाग आहे ती सोडू नकोस म्हटलं. निघण्याआधी डॉक्टरांकडून साखर, रक्तदाब तपासून घे. तुझं वय चाळीस झालं.

त्याचं उत्तर आलं, "मामा, बूट तर आधीच मागवले, परत होत नाहीत."

म्हटलं असू दे. घालून ये. पण येताना त्या काठीचे बाराशे वाचव आणि तेवढ्यात टायरच्या तीन चपला करून घे. आमच्या दिंडीत दोन म्हाताऱ्या दरवर्षी सुतळी बांधलेल्या चपलांनी चालतात. मागत नाहीत, पण दिल्या तर घालतील. माप मी कागदावर काढून पाठवतो.

तिसरी कुणासाठी असं त्याने विचारलं नाही. मी सांगितलंही नाही. दिंडीत दरवर्षी एक तरी माणूस असा असतोच, जो निघायच्या सकाळी म्हणतो, यंदा मी अनवाणी. त्याच्या पिशवीत ती मी स्वतःच्या हाताने ठेवणार आहे.