सोसणे हा सद्गुण नव्हे

लांबच्या प्रवासात तग कसा धरावा ह्याविषयीचा उपदेश हल्ली मुबलक आणि फुकट मिळतो. मानेखाली हवेची उशी घ्यावी, दर दोन तासांनी पाय मोकळे करावेत, तेलकट खाऊ नये, आणि बसने जावयाचे असल्यास पाणी बेताने प्यावे. सक्करदरा चौकात आम्हा निवृत्तांची सकाळची बैठक भरते. तीत परवा एका मित्राने असाच एक पाठ वाचून दाखविला आणि साऱ्यांनी माना डोलावल्या. मी शेवटच्या सूचनेपाशी अडलो. पाणी बेताने का प्यावे? रात्री बस जेथे थांबेल तेथे स्वच्छतागृह असेलच, असल्यास उघडे असेलच, ह्याची शाश्वती नाही म्हणून! नागपूरहून पुण्यास रात्रीच्या बसने जाणाऱ्या आयाबहिणींना विचारून पाहावे. दुपारी चारनंतर त्यांतील कित्येकजणी पाण्याला शिवत नाहीत. सार्वजनिक व्यवस्थेने आपले कर्तव्य टाळून स्त्रीच्या शरीरावर बसविलेला हा कर आहे, आणि आपण त्याला प्रवासातील शहाणपण म्हणतो.

विदर्भाच्या माणसाला लांबचा प्रवास टाळता येत नाही. १९५३ साली नागपूर करार झाला, १९५६ साली नागपूरची राजधानी गेली, आणि तेव्हापासून आमचा कारभार मुंबईहून चालतो. विधिमंडळाचे एक अधिवेशन हिवाळ्यात येथे भरते; उरलेले वर्षभर फाइल मुंबईत आणि अर्जदार नागपुरात. दोहोंमध्ये लोहमार्गाचे ८३७ किलोमीटर अंतर आहे. गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस एकाच राज्याच्या पोटात तेराशेहून अधिक किलोमीटर धावते आणि त्यासाठी एक दिवस व एक रात्र घेऊनही तिचे भागत नाही. त्यातच उद्योग आणि नोकऱ्या मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात एकवटल्या. आमच्या गल्लीत असे घर विरळा, ज्यातील मुलगा किंवा मुलगी पुण्याला नाही. अर्थशास्त्राच्या वर्गात मी वर्षानुवर्षे वाहतूक खर्चाची कोष्टके फळ्यावर मांडली. टनामागे किती, किलोमीटरमागे किती, हे त्यांत असे. आखडलेली कंबर, बुडालेला रोज आणि न लागलेली झोप ह्यांसाठी एकाही कोष्टकात रकाना नव्हता, हे मला बाकावर बसून प्रवास केल्यावरच कळले.

वाचकांचा गैरसमज होऊ नये म्हणून सांगतो की, मला लांबचा प्रवास मनापासून आवडतो. विमानाने मुंबईस जाऊन आलेला माणस कुठेच गेलेला नसतो, असे माझे जुने मत आहे. वर्धा मागे पडले की डबे उघडतात. भाकरी, जवसाची चटणी, कुणाची तिळाची पोळी ह्यांची देवघेव होते, आणि बडनेरा येईपर्यंत समोरच्या बाकावरील अनोळखी कुटुंबाच्या शेतीची सारी कर्जकथा आपल्याला ठाऊक झालेली असते. शेगावला कचोरी, भुसावळला केळी. रात्रभर धावलेली गाडी पहाटे इगतपुरी सोडून थळ घाट उतरू लागते, तेव्हा काळ्या मातीच्या सपाटीवर वाढलेला आमच्यासारखा माणूस खिडकीला नाक लावून बसतो. कापसाचे भाव, पिकांवरील रोग, पीक विमा ह्यांविषयी मी गाडीत जेवढे शिकलो तेवढे परिसंवादांत शिकलो नाही. परंतु ह्या आनंदाला एक अट आहे. रात्री पाठ टेकण्यास जागा, पिण्यास पाणी आणि दार लागेल असे स्वच्छतागृह. एवढे मिळाले तर सोळा तासही सुखाचे जातात. ते न मिळाले तर चार तासांची शिक्षा होते, आणि मग उपदेशपाठ वाचावे लागतात.

ही अट धोरणाने पुरी करता येते, ह्याचा पुरावा आपल्याच परंपरेत आहे. १९७४ साली रेल्वेचा तिसरा वर्ग कागदावरून नाहीसा झाला. पाटी बदलली, फळ्या त्याच राहिल्या. १९७६ साली वडिलांबरोबर मी मुंबईस गेलो तो अशाच लाकडी फळीवर निजून. सकाळी पाठीवर फटींचे वळ होते आणि वडील म्हणाले, तरुणपणी हे सोसावयाचेच. पुढे १९७७ मध्ये मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले. पदार्थविज्ञानाचा हा प्राध्यापक पहिल्या वर्गाचे वैभव हिरावण्याच्या मागे लागला नाही. दुसरा वर्ग वर उचलण्याच्या मागे लागला. दुसऱ्या वर्गाच्या शयनफळीवर दोन इंच फोम आला. २६ डिसेंबर १९७७ रोजी हावडा-मुंबई गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली. तीत सर्व डबे एकाच वर्गाचे होते, आणि ती आमच्या नागपूरवरूनच जाते. समाजवादाची व्याख्या करण्यात आपण कितीतरी शाई खर्च केली. त्या दोन इंचांनी जी व्याख्या केली ती कोट्यवधी पाठींना समजली. हे सोसावयाचेच असते, हा वडिलांचा सिद्धांत एका अंदाजपत्रकाने खोटा ठरविला.

आज गीतांजलीला वातानुकूलित डबे आहेत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात गारव्याला चैन म्हणणाऱ्याने मे महिन्यात एकदा येथे येऊन जावे. तक्रार आहे ती वर चढण्याची शिडी उलटी झाल्याची. अनेक गाड्यांत वातानुकूलित डबे वाढले ते साध्या शयनयानांच्या जागी, आणि तेथून ढकललेला प्रवासी सामान्य डब्याच्या दारात लोंबकळतो. ऑगस्ट २०२५ मध्ये अजनी-पुणे वंदे भारत सुरू झाली. आमच्या घरापासून अजनी फार दूर नाही, म्हणून कौतुकाने चौकशी केली. ८८१ किलोमीटर, सुमारे बारा तास, आणि साऱ्या जागा बसावयाच्या. गाडी चकचकीत आहे, वेगवान आहे. परंतु ज्याची कंबर साठीत गेली त्याने आणि ज्या बाईच्या मांडीवर मूल आहे तिने बारा तास ताठ बसून राहावे, हा कोणत्या प्रगतीचा हिशेब?

भाड्याचे गणितही पाहावे. २०१६ पासून राजधानी, शताब्दी आणि दुरांतो गाड्यांत दर दहा टक्के जागा भरल्या की भाडे दहा टक्क्यांनी चढते. नागपूर-मुंबई दुरांतोही त्यातलीच. इकडे एप्रिल २०१८ मध्ये राज्य शासनाने खासगी बसवाल्यांना बजावले की, एसटीच्या भाड्याच्या दीडपटीहून अधिक घेऊ नये. तरीही दिवाळीत पुण्याहून येणाऱ्या माझ्या भाच्याने एका खासगी बसला नेहमीच्या तिप्पट पैसे मोजले. गर्दी वाढली की भाव वाढवावा, हा धडा सार्वजनिक रेल्वेनेच दिल्यावर बसवाल्याला कोणत्या तोंडाने दटावणार? ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० मध्ये साथीच्या निमित्ताने थांबली. पुरुषांना ४० टक्के आणि स्त्रियांना ५० टक्के अशी ती होती. साथ गेली, सवलत परतली नाही. प्रत्येक प्रवाशाला खर्चापेक्षा कमी भाडे पडते, असे उत्तर मिळते. ते खरे आहे. प्रवासी वाहतुकीचा तोटा मालवाहतुकीच्या उत्पन्नातून भरून काढला जातो, हे मीच विद्यार्थ्यांना शिकविले. परंतु तोटा भागवावयाचा म्हणून आधी म्हाताऱ्याच्या खिशात हात का घालावा, हे ते उत्तर सांगत नाही. ह्याउलट आपली गरीब एसटी पाहा. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तीत मोफत प्रवास आहे, मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे भाडे आहे. गाड्या खिळखिळ्या असतील, पण न्यायाची जाण त्यांच्यात अधिक आहे.

रस्त्याचे म्हणावे, तर नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा झाला. त्याचा नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, तेव्हा रस्ता गुळगुळीत होता. परंतु वाटेत खाण्यापिण्याच्या आणि स्वच्छतागृहांच्या सोयी जवळजवळ नव्हत्या. मोटारींसाठी सारे काही, मोटारीत बसलेल्या देहासाठी काही नाही. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजानजीक नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस उलटली, पेटली आणि २५ माणसे गेली. तग धरण्याच्या युक्त्यांचा त्यांना काय उपयोग झाला असता?

आता आपल्याविषयी. आपल्या शिबिरांत आणि अधिवेशनांत एक बढाई मी चाळीस वर्षे ऐकत आलो: शौचालयाच्या दाराशी वर्तमानपत्र अंथरून आलो, रात्रभर उभा राहून आलो. सांगणाऱ्याचा चेहरा उजळतो, ऐकणारे वाखाणतात. मी स्वतः ही बढाई मारलेली आहे. साथींनो, हा त्याग कुणाच्या उपयोगी पडला? गांधीजींनी १९१७ साली तिसऱ्या वर्गाच्या प्रवासावर लिहिले ते स्वतःची सहनशक्ती मिरविण्यासाठी लिहिले नाही. तेथील गर्दी आणि घाण त्यांनी चव्हाट्यावर मांडली, आणि व्हाइसरॉयसकट बड्या लोकांनी आगाऊ वर्दी न देता त्याच डब्यातून एकदा जाऊन पाहावे असे सुचविले. आपण मात्र हाल भोगतो, घरी येऊन त्यांची गोष्ट सांगतो, आणि तक्रारवहीत एक ओळ लिहीत नाही. ज्या दारात आपण वर्तमानपत्र अंथरले तेथेच एक मजूर कुटुंबही बसलेले होते. त्यांना त्यात पुण्य दिसत नव्हते.

बैठकीत हे सारे मी जरा चढ्या आवाजात बोललो. उपदेशपाठ वाचणारे मित्र रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते दोनशे पानी वही घेऊन आले. नागपूर-पुणे मार्गावरील रात्रीच्या थांब्यांची पाहणी करावी, आळीपाळीने प्रवास करावा, आणि नोंदी एसटीच्या विभागीय कार्यालयात व परिवहन खात्यात नेऊन द्याव्यात, असे ठरले. दिवा, पाणी, झाडलोट, पैसे मागतात काय, असे रकाने आम्ही आखले. वही घरी गेली आणि परत आली, तेव्हा पहिल्या रकान्याच्याही आधी वेगळ्या अक्षरात एक रकाना वाढलेला होता. तो मित्राच्या पत्नीने घातला होता: कडी आतून लागते काय?