कालचे कालवण, आजचा मायक्रोवेव्ह

मासळीचे कालवण दुसऱ्या दिवशी अधिक चवदार लागते, याबद्दल रायगडच्या किनाऱ्यावर फारसा वाद होत नाही. चिंच-कोकम मुरते, रस दाट होतो आणि तांदळाची भाकरी त्यात बुडवून खाण्यासाठी रात्रीची मंडळी सकाळची वाट पाहतात. त्यामुळे अन्न पुन्हा गरम करणे हे इथल्या स्वयंपाकघरातले रोजचेच काम. पूर्वी ते चुलीवर होई, मग गॅसवर होऊ लागले, आणि आता किहीम-नागावपासून काशीद, दिवेआगर, श्रीवर्धनपर्यंतच्या घरांत आणि घरगुती खानावळींत त्यासाठी मायक्रोवेव्ह वापरला जातो. त्याच्यासोबत एक भीतीही आली आहे. या यंत्रातल्या लहरींनी कर्करोग होतो, अन्नातले सत्त्व मरते, शिजलेल्या पदार्थात ‘रेडिएशन’ उरते, असे संदेश घरोघरी फिरतात आणि सुशिक्षित माणसेही यंत्र सुरू केले की दोन पावले मागे सरतात. या लेखातले म्हणणे असे की ही भीती चुकीच्या जागी लागली आहे. मायक्रोवेव्ह हे धडधाकट असेल तर सुरक्षित यंत्र आहे. काळजी करायची ती त्यात ठेवल्या जाणाऱ्या अन्नाची, डब्याची आणि ते अन्न त्याआधी किती तास कुठे पडून होते याची. किनाऱ्यावर, जिथे ताटात रोज मासळी असते, तिथे तर ती फारच करायला हवी.

पर्सी स्पेन्सर हा अमेरिकेतल्या रेथिऑन कंपनीत रडारसाठी मायक्रोवेव्ह लहरी निर्माण करणाऱ्या मॅग्नेट्रॉनवर काम करणारा तंत्रज्ञ. या लहरींनी अन्न तापते हे त्याने 1945 मध्ये हेरले आणि दोनच वर्षांत त्या कंपनीची पहिली भट्टी बाजारात आली. घरगुती यंत्रातल्या लहरींची वारंवारता 2.45 गिगाहर्ट्झ असते, म्हणजे घरातल्या वाय-फायच्या जवळपास तेवढीच. फरक आहे तो शक्तीचा. या लहरी अन्नातल्या पाण्याच्या रेणूंना सतत इकडून तिकडे वळवतात आणि त्या हालचालीतून उष्णता निर्माण होते. रेणूतले रासायनिक बंध तोडण्याची ताकद त्यांच्यात नसते. त्यांच्या एका कणाची ऊर्जा त्यासाठी लागणाऱ्या ऊर्जेच्या लाखाव्या हिश्शाइतकीही भरत नाही. क्ष-किरण किंवा भर दुपारी अलिबागच्या वाळूवर अंगावर पडणारे अतिनील किरण ते काम करू शकतात, मायक्रोवेव्ह करू शकत नाही. यंत्र बंद झाले की दिवा मालवल्यासारख्या लहरीही संपतात, अन्नात काही साठून राहत नाही. लहरीची लांबी सुमारे 12 सेंटीमीटर असल्याने दारातल्या जाळीच्या बारीक छिद्रांतून ती बाहेर पडू शकत नाही. तरीही थोडी गळती होतेच, म्हणून तिच्यावर मर्यादा आहे. यंत्रापासून 5 सेंटीमीटरवर दर चौरस सेंटीमीटरला 5 मिलिवॅट ही अमेरिकेने 1971 पासून लागू केलेली कमाल पातळी. शाबूत यंत्रातली प्रत्यक्ष गळती बहुधा याहून पुष्कळ कमी असते आणि हातभर दूर गेले तरी ती झपाट्याने घटते.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2011 मध्ये रेडिओ लहरींचे क्षेत्र ‘कदाचित कर्करोगकारक’ अशा 2ब गटात घातले, मग मायक्रोवेव्ह निर्धोक कसा? तो निर्णय प्रामुख्याने डोक्याला चिकटवून वापरल्या जाणाऱ्या मोबाइल फोनच्या अभ्यासांवर उभा होता आणि त्या पुराव्यालाही संस्थेने मर्यादितच म्हटले. यातली विसंगती मात्र दुसरीकडे आहे. त्याच संस्थेने घरातल्या लाकूडफाट्याच्या धुराला 2अ, म्हणजे ‘बहुधा कर्करोगकारक’ अशा वरच्या गटात ठेवले आहे. उच्च तापमानाला तळताना उठणारा धूरही त्याच गटात आहे. घरातल्या धुरामुळे 2020 मध्ये जगात सुमारे 32 लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणारी घरे देशात सुमारे 59 टक्के भरली. म्हणजे उज्ज्वला योजना सुरू होऊन तीन-चार वर्षे उलटल्यावरही कोट्यवधी बायका रोज धूर गिळत होत्या. लहरींना घाबरून ‘चुलीवरचे तेवढे खरे’ म्हणणारा माणूस सहसा चुलीपुढे बसलेला नसतो, तो पानावर बसलेला असतो. पर्यटकांसाठी चुलीचे आकर्षण जपायचे असेल तर निदान धुरासाठी धुराडे आणि हवा खेळती राहील अशी जागा हवी, एवढे तरी त्या माणसाने मागायला हवे.

भीती पसरवणारे दोन दाखले वारंवार येतात. पहिला, सोव्हिएत रशियाने 1976 मध्ये मायक्रोवेव्हवर बंदी घातली होती. या बंदीचा एकही विश्वासार्ह कागद कुणी पुढे ठेवलेला नाही. लहरींच्या बाबतीत तिथले नियम अमेरिकेपेक्षा कडक होते, एवढेच खरे. दुसरा दाखला स्वित्झर्लंडच्या हान्स हर्टेल यांचा. त्यांनी जेमतेम आठ माणसांवर प्रयोग करून मायक्रोवेव्हमधल्या अन्नाने रक्तात घातक बदल होतात असे मांडले. उत्पादकांच्या संघटनेने न्यायालयात धाव घेतली आणि तसे बोलण्या-लिहिण्यास हर्टेल यांना मनाई झाली. पुढे 25 ऑगस्ट 1998 रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ती मनाई अभिव्यक्तीस्वातंत्र्याचा भंग ठरवली. तो निकाल योग्यच होता. पण न्यायालयाने त्यांचा बोलण्याचा हक्क मान्य केला, त्यांचा प्रयोग तपासून खरा ठरवला नाही. आठ माणसांचा प्रयोग निकालाआधी जितका तोकडा होता तितकाच निकालानंतरही राहिला.

सत्त्वाचा प्रश्न अधिक रंजक आहे, कारण तिथे दोन्ही बाजूंना थोडे थोडे तथ्य आहे. ‘क’ जीवनसत्त्व उष्णतेने आणि वेळेने घटते, आणि भाजी उकळलेले पाणी फेकून दिले की त्याबरोबर वाहून जाते. कमी पाण्यात, कमी वेळात शिजवणारी कोणतीही पद्धत म्हणूनच चांगली. आपल्याकडची थंडीतली पोपटी हे त्याचे घरचे उदाहरण. भांबुर्ड्याचा पाला लावलेल्या मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी भरतात, वरून पाणी घालत नाहीत, आणि ते उपडे ठेवून भोवती जाळ करतात, की जिन्नस स्वतःच्याच ओलाव्यात शिजतात. मायक्रोवेव्हमध्ये झाकण ठेवून दोन चमचे पाण्यात शिजवलेली भाजी याच तत्त्वावर चालते, फक्त तिथे पाल्याचा आणि मडक्याचा वास नसतो, आणि त्या वासाची भरपाई कोणतेही यंत्र करणार नाही. उलट बाजूचा पुरावाही आहे. अमेरिकेतल्या 2001 च्या एका अभ्यासात ठेचलेला लसूण लगेच एक मिनिट मायक्रोवेव्हमध्ये तापवल्यावर त्यातला उपयुक्त विकर निकामी झाला, मात्र ठेचून दहा मिनिटे ठेवलेल्या लसणाचे गुण बरेचसे टिकले. स्पेनमध्ये 2003 मध्ये झालेल्या अभ्यासात मायक्रोवेव्हमधल्या ब्रोकोलीतली फ्लॅव्होनॉइडे जवळजवळ सगळी गेली, पण तिथे भाजीत पाणी बरेच घातलेले होते. सत्त्वाला घातक ठरतात ते पाणी, तापमान आणि मिनिटे, हे या अभ्यासांतूनही दिसते.

आता ज्याची खरोखर काळजी वाटावी त्याकडे येतो. मायक्रोवेव्ह अन्न सारखे तापवत नाही. लहरी पदार्थात दोन-तीन सेंटीमीटरच शिरतात, पुढची उष्णता आतवर पोहोचायला वेळ लागतो, आणि ताटलीत कुठे वाफ तर कुठे गारवा अशी स्थिती राहते. अमेरिकेत 2007 मध्ये गोठवलेल्या ‘पॉट पाय’मधून साल्मोनेलाची साथ पसरली तेव्हा मायक्रोवेव्हमधले अपुरे, असमान शिजणे हे एक प्रमुख कारण निघाले. म्हणून अन्न मधल्या भागापर्यंत किमान 70 अंश सेल्सिअसला जायला हवे, मध्ये एकदा ढवळायला हवे, आणि यंत्र थांबल्यावर झाकून दोन मिनिटे तसेच ठेवायला हवे. कच्च्या तिसऱ्या, खुबे, कालवे थेट मायक्रोवेव्हमध्ये शिजवण्याचा मोह तर टाळलेलाच बरा. शांघायमध्ये 1988 च्या सुरुवातीला अर्धवट शिजवलेल्या शिंपल्यांमुळे सुमारे तीन लाख लोकांना हिपॅटायटिस-ए ची कावीळ झाली होती. खाडीत सांडपाणी मिसळते तिथल्या शिंपल्यांच्या बाबतीत शिंपले उघडले म्हणजे शिजले असे समजू नये. भांड्याला सगळीकडून खळखळून उकळी देणे हाच खात्रीचा मार्ग, आणि तो गॅसवर सोपा आहे.

पण उकळीनेही न सुटणारा एक प्रश्न मासळीत आहे, आणि किनाऱ्यावरच्या कुटुंबांना तो ‘अंगावर पित्त उठले’ या नावाने माहीत असतो. बांगडा, कुपा, सुरमई यांच्या मांसात हिस्टिडीन हे अमिनो आम्ल भरपूर असते. मासळी बर्फाविना राहिली की जिवाणू त्याचे हिस्टामिन करतात. खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल होते, गांधी उठतात, डोके ठणकते. हे हिस्टामिन शिजवून, तळून, गोठवून किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवून नष्ट होत नाही. शिळ्या भाताचेही तसेच. भात रात्रभर ओट्यावर राहिला की बॅसिलस सेरेअस जिवाणू वाढू शकतो आणि त्याचे उलट्या करणारे विष उकळीलाही दाद देत नाही. म्हणजे निकाल अन्न यंत्रात जाण्यापूर्वीच लागलेला असतो, बंदरावरच्या बर्फात, फ्रिजच्या थंडीत, वीज किती वेळ होती यात. निसर्ग चक्रीवादळ 3 जून 2020 रोजी या किनाऱ्यावर धडकले तेव्हा श्रीवर्धन, मुरूड, अलिबाग तालुक्यांतली कित्येक गावे दिवसेंदिवस विजेविना होती. असे वादळ रोज येत नाही, पण पावसाळ्यातला चार-पाच तासांचा खंड नेहमीचा आहे, आणि मासेमारीबंदीच्या दिवसांत बाहेरून आलेल्या गोठवलेल्या मासळीवर चालणाऱ्या खानावळींसाठी तो छोटा नाही. वितळलेली मासळी पुन्हा गोठवणे आणि शनिवारचे उरलेले कालवण रविवारी ताजे म्हणून वाढणे, या दोन सवयी कोणत्याही लहरीपेक्षा अधिक लोकांना आजारी पाडू शकतात.

डब्याचा विषयही असाच दुर्लक्षित आहे. पार्सलसोबत आलेला पातळ प्लॅस्टिकचा डबा तसाच यंत्रात सरकवणे ही सर्रास चाललेली गोष्ट. अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठाच्या संशोधकांनी 2023 मध्ये बाळांच्या अन्नाचे प्लॅस्टिकचे डबे आणि पिशव्या तीन मिनिटे मायक्रोवेव्हमध्ये तापवून पाहिल्या. काही नमुन्यांतून एका चौरस सेंटीमीटरमागे 42 लाखांपर्यंत सूक्ष्म आणि 211 कोटींपर्यंत अतिसूक्ष्म कण सुटले. हे कण पोटात जाऊन नेमके काय करतात हे अजून ठरायचे आहे, आणि प्रयोगशाळेतला आकडा म्हणजे रोग नव्हे. तरीही ‘मायक्रोवेव्ह सेफ’ या शिक्क्याचा अर्थ डबा वितळणार नाही इतकाच असतो, हे ग्राहकाला कुणी सांगत नाही. कालवणात तेल असते, तेल पाण्यापेक्षा खूप जास्त तापते, आणि कोकमाचा आंबटपणा भर घालतो. काचेचे किंवा चिनीमातीचे भांडे वापरले की हा सगळा प्रश्न मिटतो. बाळाचे दूध तर मायक्रोवेव्हमध्ये गरम करूच नये. मध्ये चटका देणारा भाग तयार होतो आणि आईच्या दुधातले रोगप्रतिकारक घटकही जास्त तापल्यावर घटतात.

एक धोका खास या किनाऱ्याचा आहे. खारी हवा लोखंडाला सोडत नाही, खिडकीचे गज खाते तशी यंत्राच्या दाराची बिजागरी, कडा आणि आतला पत्राही खाते. लहरींपासूनचे सारे संरक्षण त्या दारावर आणि त्याच्या बंद होण्यावर आहे. दार नीट बसत नसेल, जाळी फाटली असेल, आतला रंग उडून गंज चढला असेल किंवा चालू असताना ठिणग्या पडत असतील, तर ते यंत्र बाजूला ठेवावे. अर्थिंग नसलेल्या जुन्या घरात तर विजेचा धक्का हा लहरींपेक्षा कितीतरी खरा धोका आहे.

एवढ्या अटी घालायच्या तर यंत्र हवेच कशाला, असे कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. पंचवीस पाहुण्यांच्या पातेलेभर कालवणासाठी गॅस चांगला, ढवळत दिलेली उकळी चांगली, आणि खानावळींनी तिथे मायक्रोवेव्हवर विसंबू नये असेच माझे मत आहे. पण एकट्या म्हाताऱ्या माणसाला एक ताट गरम करायला, बंदरावरून किंवा नोकरीवरून थकून आलेल्या बाईला दहा मिनिटांत जेवायला बसायला हे यंत्र मदत करते, धूर करत नाही, जाळ पेटवत नाही. खोट्या भीतीपोटी ही सोय त्यांच्याकडून काढून घेणे अन्यायाचे आहे. खऱ्या धोक्यांसाठी काम करायचे ते अन्न व औषध प्रशासनाने आणि ग्रामपंचायतींनी. निवास-न्याहारी चालवणाऱ्यांच्या नोंदणीसोबत अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण द्यावे, त्यात हिस्टामिन, शिळा भात आणि पुन्हा गरम करण्याचे तापमान हे तीन विषय असावेत, आणि प्रत्येक खानावळीत अन्नात खुपसायचा तापमापक असावा. भरडखोलपासून रेवदंडा-करंज्यापर्यंतच्या बंदरांवर बर्फ पुरेसा आणि स्वच्छ पाण्याचा मिळावा. विक्रेत्यांनी कोणते भांडे चालते, कोणते नाही आणि दाराची तपासणी कशी करायची, हे मराठीत छापून यंत्रासोबत द्यावे. यातले बरेचसे काम पुढच्या हंगामातल्या पहिल्या बोटी लागण्याआधी होऊ शकते.